लाल दिव्याची तार

शनिवारी शाळा सुटल्यावर आप्पांनी व्हॅन आणली ती दारातच थरथरत उभी राहिली. एक सिलिंडर मिसिंग मारत होतं, म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नव्हतं, आणि इंजिनचा पिवळा चेक लाईट लुकलुकत होता. निकाल आप्पा बरोबरच घेऊन आले होते. "मिस्त्री, रिंगा गेल्यात म्हनं. हाफ इंजिन करायला तीस हजार सांगितलेत एकानं. तुमी कितीत करशीला?"

हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून पिस्टनभोवतीच्या रिंगा बदलायच्या. गाडी २०१४ची, पुणे पासिंग, साताऱ्यात आल्यावर तिसरा मालक. पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी. रोज पोरांच्या तीन फेऱ्या.

चेक लाईट नुसता लागून राहिला तर दोन दिवस दम धरता येतो. लुकलुकायला लागला की गाडी बाजूला घ्यायची. न जळलेलं पेट्रोल पुढं धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याची आतली जाळी वितळते. हे आप्पांना सांगत मी चावी ऑन केली आणि बोलता बोलता थांबलो. चेक लाईट लागला, बॅटरीचा लागला. ऑइलचा लाल दिवा लागलाच नाही. इंजिन बंद असताना ऑइलला दाब नसतो, म्हणून चावी ऑन केली की तो दिवा लागायलाच हवा.

या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलल्याशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे ऑइल बघायचा कंटाळा सगळेच करतात. मी सीट उचलून डिपस्टिक काढली. टोक कोरडं. पुसून परत घातली, परत कोरडं. तीन लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनात जवळजवळ दोन लिटर ओतल्यावर पट्टीवर खूण दिसली. खाली वाकून ऑइल प्रेशर स्विच बघितला तर त्याची तार काढलेली, टोकाला काळी टेप अगदी नीट गुंडाळलेली.

"ही कुणी काढली?"

आप्पा जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच. वळणावर लाल दिवा लागायचा. पुढं बसलेली पोरं इचारायची, काका, लाल काय लागतंय? मग घरी जाऊन सांगायची. पालकांचं फोन यायला लागलं."

वळणावर लागायचा, कारण तळाशी उरलेलं थोडंसं ऑइल एका बाजूला जायचं आणि पंप हवा ओढायचा. चार महिने ही गाडी तशी पोरं वाहत होती. मला राग आला होता, पण समोर साठीचा माणूस मान खाली घालून उभा. मी तार जोडली, गेज लावून दाब बघितला. नशीब, बरा होता. बेअरिंगचा आवाजही नव्हता.

स्कॅनरवर बिघाडाचे दोन कोड होते. पी ०३०३, म्हणजे तीन नंबरचं सिलिंडर मिसिंग. आणि पी ०४२०, कन्व्हर्टर नीट काम करत नाही. हा दुसरा कोड बघून मागच्या गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला होता. कोडमध्ये 'सेन्सर बदला' असं कुठंच लिहिलेलं नसतं, पण ते असो. तीन नंबरचा प्लग काढला तर काळा आणि तेलानं ओला.

ऑइल जळतंय हे उघड होतं. ते वर कुठून येतंय, हा प्रश्न. इंजिनच्या पोटातला वायू परत ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला, खुळखुळ्यासारखा वाजला. तो ठीक. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, घेतलं, तेही जवळपास सारखं आणि चांगलं. पण एवढ्यावर रिंगांना सोडून देता येत नाही. ऑइल रिंग काजळीनं चिकटली तरी कॉम्प्रेशन चांगलंच येतं. त्यामुळे नवा प्लग टाकला आणि गाडी यवतेश्वर घाटात काढली. गॅरेजमधला पोऱ्या मागून मोटरसायकलवर, नजर सायलेन्सरवर.

चढावर दाबून चालवली. पोऱ्यानं हातानंच खुणावलं, धूर नाही. वरून वळवली आणि दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून, खाली सोडली. समर्थ मंदिराजवळ उतार संपला, तिथं रेस दिली आणि आरशात निळ्या धुराचा लोट दिसला. पोऱ्या धुरातून खोकत बाहेर आला.

रिंगा गेल्या असत्या तर चढावरच धुरकटली असती. उतारावर थ्रॉटल बंद, आत व्हॅक्यूम वाढतो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली ओढलं जातं. साचलेलं ते ऑइल पाय दाबला की जळतं. मी विचारलं, "सकाळी पहिल्या सेल्फला धूर येतो का?"

"येतो की. एकदा भक्कन येतो, मग नाही."

व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी टोपी. उष्णतेनं रबर कडक होतं, कडा दांडा धरत नाहीत.

सोमवारी काम काढलं. हेड न उतरवता सील बदलायचे तर व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब देतात. तीन नंबरला आलो आणि वीज गेली, कॉम्प्रेसर बंद. मग आमच्या उस्तादांची जुनी युक्ती. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, टोक बाहेर ठेवायचं आणि पिस्टन हातानं वर आणायचा. दोरीची गादी व्हॉल्व्ह धरून ठेवते. काढलेले सील नखानं वाकत नव्हते, मोडत होते.

प्लग, ऑइल, सील आणि मजुरी धरून बिल साडेसहा हजार झालं.

तीन आठवड्यांनी आप्पा आले. डिपस्टिक बघितली, ऑइल नावाला उतरलं होतं. चावी ऑन, लाल दिवा लागला. सेल्फ मारला, विझला. चेक लाईट मात्र पेटूनच. स्कॅनर लावला, पी ०४२० परत. इतके महिने ऑइलची राख खाऊन कन्व्हर्टर गेला होता, आणि नव्याची किंमत ऐकून आप्पा स्टुलावर बसले.

चहा अर्धा झाल्यावर हळूच म्हणाले, "मिस्त्री, ह्या पिवळ्या दिव्याची तार कुठनं जाती हो?"