ग्रुपमधली किल्ली

"काका, ग्रुपमध्ये सगळे आपलेच आहेत की!"

आज संध्याकाळी विश्रामबागेत पुतण्याचं हे वाक्य ऐकलं आणि हातातला चहा तसाच राहिला. हळदीच्या भावाबद्दल शेतकऱ्यांना उत्तरं देणारा चॅटबॉट तो करतोय. फार चांगलं काम. पण त्याची एपीआय की, म्हणजे एआय सेवा आपल्या खात्यावर वापरायची गुप्त किल्ली, 'एसके'नं सुरू होणारी ती लांबलचक ओळ, त्यानं मित्रांसाठी सरळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली.

"अरे, ती ज्याच्या हाती लागेल तो वापरणार आणि बिल तुझ्या खात्यावर चढणार."

त्यानं लगेच मेसेज डिलीट केला. तेवढ्यानं भागत नाही रे बाबा. जुनी की आधी रद्द करायला लावली. नवी काढली, ती कोडात न लिहिता वेगळ्या 'डॉट ईएनव्ही' फाइलमध्ये ठेवली आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे कोडासोबत वर चढवायच्या नसलेल्या फाइलींच्या यादीत, घातली. एकदा गिटहबवर, म्हणजे कोड ऑनलाइन ठेवतात तिथे, गेलेली किल्ली नंतर पुसली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे कोडाच्या आधीच्या नोंदीत, राहतेच. महिन्याच्या खर्चालाही मर्यादा घातली.

नवी की पूर्ण दिसते ती एकदाच. ती कॉपी करताना पोरानं लॅपटॉप हळूच स्वतःकडे वळवला. माझ्यापासूनसुद्धा. फार बरं वाटलं.

एटीएमचा पिन कुणाला सांगू नको, हे आपण पोरांना लहानपणापासून बजावतो. या किल्लीचं त्यांना कोण सांगतंय?