घडी न मोडता पडद्यापार

काल टॅटबद्दल वाचत बसलो आणि झोपेचं पार खोबरं झालं. शरीरावर गोंदतात तो टॅटू नाही, बॅक्टेरिया ज्यातून घडी पडलेली (म्हणजे दुमडून आपल्या पक्क्या आकारात आलेली) प्रोटीन्स पेशीच्या पडद्याबाहेर पाठवतात ती टॅट यंत्रणा.

प्रोटीन बाहेर काढायचा नेहमीचा रस्ता म्हणजे सेक नावाची दुसरी यंत्रणा. तिथे प्रोटीनची घडी पडायच्या आत, सुईत दोरा ओवावा तसं त्याला ओवून बाहेर काढतात, घडी पडते ती बाहेर गेल्यावर. बरोबरच आहे, भोक बारीक ठेवलं नाही तर आयन गळतील आणि पेशीचा कारभारच आटोपेल. पण काही प्रोटीन्सच्या पोटात मॉलिब्डेनमचा कोफॅक्टर (प्रोटीनला काम करायला लागणारा मदतनीस भाग) नाहीतर लोह-गंधकाचा गुच्छ बसवायचा असतो आणि ती फिटिंग आतच होते, त्यामुळे त्यांना सगळं बसवून, घडी पक्की करूनच निघावं लागतं.

यांचं तिकीट म्हणजे पुढच्या टोकाच्या सिग्नल पेप्टाइडमधले, म्हणजे पत्ता सांगणाऱ्या छोट्या शेपटीतले, लागोपाठचे दोन आर्जिनिन (एक अमिनो आम्ल), टॅट म्हणजे ट्विन-आर्जिनिन ट्रान्सलोकेशन हे नावही त्यावरूनच आलंय. त्या दोघांच्या जागी लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल घातलं, चार्ज तोच, तरी दार उघडत नाही! एवढा खडूसपणा.

ई. कोलाय या बॅक्टेरियामध्ये टॅट-बी आणि टॅट-सी ही यंत्रणेचीच प्रोटीन्स मिळून तिकीट तपासतात, मग टॅट-ए चे बरेच रेणू तिथे गोळा होतात, प्रोटीन गेलं की पांगतात. म्हणजे कायमचं भोक असं नाहीच, काम निघालं की दार, आणि तेही बहुधा समोरचा केवढा आहे त्या मापाचं. हे वाचून मी दोन मिनिटं नुसता भिंतीकडे बघत बसलो होतो. एटीपी, म्हणजे पेशीचं नेहमीचं इंधन, पण लागत नाही, पडद्याच्या दोन बाजूंमधल्या प्रोटॉनच्या फरकावर सगळं चालतं. फुकट मात्र नाही हां, वनस्पतींच्या क्लोरोप्लास्टमध्ये हीच यंत्रणा आहे, तिथे मोजलं तर एका प्रोटीनमागे ८०,००० च्या आसपास प्रोटॉन खर्ची पडतात.

घडी खरंच शाबूत राहते का, तर त्यासाठी जीएफपी, तेच हिरवं चमकणारं प्रोटीन. सेकमधून पाठवलं तर बाहेर जाऊन चमकतच नाही. २००१ मध्ये त्याला टॅटचं तिकीट चिकटवून पाठवलं तर पेशीच्या कडेने मस्त हिरवी रेघ.

आणि हायड्रोजनेज या एन्झाइमची तर कमालच. तुकडे दोन, तिकीट फक्त धाकट्याकडे, थोरला आतच त्याला घट्ट चिकटतो आणि विनातिकीट बाहेर पडतो.