जी, पण किंचित चढा

पंधरा इंची स्पीकरचा तो जुना बेस कॉम्बो (बेस गिटारचा ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) दोघांनी मिळून माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर चढवला, आणि चढवताना एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. मामा आणि भाची. ॲम्प मामांचा, ऐन उमेदीत घेतलेला. आता बँडमध्ये बेस वाजवते ती भाची. वाद येतानाच रंगून संपला असावा. माझ्याकडून फक्त निकाल हवा होता.

"होईल ना हो दुरुस्त?" मामा म्हणाले.

"दादा, खरं सांगा, याच्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे का?" भाची म्हणाली.

प्रश्न दोन आहेत आणि लोक ते एकच समजून विचारतात. दुरुस्त होईल का, याचं उत्तर जवळपास नेहमी 'हो' असतं. वेळ आणि पैसा दिला तर काहीही दुरुस्त होतं. अर्थ आहे का, हे मात्र आतलं नेमकं काय मेलंय आणि काय जिवंत आहे ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. वयावरून तर मुळीच नाही.

आधीची हकिकत अशी. वाजवता वाजवता धूर आला, फ्यूज उडाला. एका ठिकाणी दाखवला, तिथे आतली एसटीके बदलून मिळाली. थोडे दिवस बरा चालला आणि पुन्हा तोच धूर. आता मामांचं म्हणणं, पुन्हा एसटीके टाका, या वेळी ओरिजिनल टाका. भाचीचं म्हणणं, याला रामराम ठोकून क्लास-डीचं (हलक्या, स्विचिंग पद्धतीचं) एक छोटं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा नुसता ॲम्प, घ्यावा. अडीच-तीन किलो वजन, पाचशे वॅट. बॉक्स तर घरात आहेतच.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: एसटीके म्हणजे सान्योच्या हायब्रिड आयसी. अख्खा पॉवर ॲम्प एका काळ्या वडीत. दोन स्क्रूंनी हीटसिंकवर आवळायची, पाय सोल्डर करायचे, झालं. टेपडेकपासून गिटार ॲम्पपर्यंत एके काळी त्या जिथे तिथे असायच्या. पुढे 2011 मध्ये सान्योचा सेमीकंडक्टर विभाग ऑन सेमीकंडक्टरकडे गेला, आणि ऑडिओच्या त्या जुन्या नंबरांचं उत्पादन आता बंद आहे. तरी बाजारात तो नंबर मागा, हमखास मिळतो. तीच तर भीती.

बहुतेक जण जळालेला भाग आधी बघतात. मी तो शेवटी बघतो. आधी बघतो ते बदलून मिळणार नाही ते. अशा ॲम्पमध्ये ते म्हणजे मेन ट्रान्सफॉर्मर. तो गेला असेल तर पुढचं बोलणं बरंच आखूड होतं. रीवाइंड करून मिळतो, पण तो खर्च धरला की त्यातच दुसरा जुना ॲम्प येतो.

सेकंडरीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या बाजूच्या, वायरी सोडवल्या आणि सिरीज बल्बवर घेतला, म्हणजे मेन्सच्या वाटेत एक बल्ब घातला. माझ्याकडे त्यासाठी शंभर वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब जपून ठेवलेला आहे. एलईडी इथे कामाचा नाही. ट्रान्सफॉर्मर शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो. इथे क्षणभर उजळला आणि विझत आल्यासारखा झाला. सेकंडरीला 28-0-28. म्हणजे रेक्टिफाय होऊन (एसीचा डीसी होऊन) साधारण अधिक-उणे 39 व्होल्ट. मी मामांना म्हटलं, "हृदय शाबूत आहे." त्यांनी भाचीकडे बघितलं. तिनं मोबाईलकडे.

मग पंधरा इंची स्पीकर. याची मला खरी काळजी होती. या ॲम्पला आउटपुटवर प्रोटेक्शन रिले, म्हणजे बिघाड होताच स्पीकर अलग करणारा स्विच, नाही. आउटपुट शॉर्ट होऊन जातं तेव्हा सप्लायचा सगळा डीसी सरळ स्पीकरवर बसतो. हिशोब करा: 8 ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो. 39 व्होल्ट भागिले 6, म्हणजे सहा ॲम्पियरहून जास्त. अडीचशे वॅट, आणि आवाज शून्य. सगळी उष्णता व्हॉइस कॉइलमध्ये. काही सेकंदांत कॉइल काळी पडते. मीटरनं 6.1 दाखवले. नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली तर कोन सरळ बाहेर आला. दोन्ही तळवे कोनवर सारखे ठेवून हळूच आत दाबला, कान जवळ नेला, खरखर नाही. दोन्ही वेळा फ्यूजनं आधी जीव दिला होता.

प्रीॲम्प (पॉवरच्या आधीचा, सूर घडवणारा भाग) बघायला मेलेली एसटीके काढून टाकली आणि इफेक्ट सेंडमधून, म्हणजे प्रीॲम्पचा आवाज बाहेर देणाऱ्या जॅकमधून, वायर काढून माझ्या टेबलावरच्या पॉवर ॲम्पला जोडली. भाचीला म्हटलं, वाजव. ती जरा नाइलाजानंच बसली. पहिले काही सूर तिनं उभ्या उभ्या तपासल्यासारखे वाजवले, मग मिडलचा पॉट फिरवला, मग खुर्ची ओढून घेतली. पॉट खरखरत होते, रिटर्नच्या जॅकचा आतला कॉन्टॅक्ट काळा पडला होता, पण आवाज तोच होता ज्यासाठी हे ॲम्प लोक जपून ठेवतात. बेस गिटारच्या ॲम्पची ओळख निम्म्याहून जास्त प्रीॲम्प आणि स्पीकर मिळून ठरवतात. पॉवर स्टेज नीट डिझाइन केलेली असेल तर तिचं काम फक्त वजन उचलण्याचं.

ती वाजवत होती तेव्हा मी विचारलं, "बंद पडायच्या आधी काही वेगळं जाणवायचं?"

"गुणगुणायचा. न वाजवताही."

"कुठल्या सुरात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, शोध की. तुझा कान आहे, आठव. तिनं डोळे मिटले, ई तारेवर थोडं चाचपडली, सोडून दिलं, आणि मग मोकळी जी छेडली. "हा. पण किंचित चढा."

असे गिऱ्हाईक मला रोज मिळोत. बेसची मोकळी 'जी' तार 98 हर्ट्झवर असते. 50 हर्ट्झची मेन्स पूर्ण लहरीत रेक्टिफाय केली की डीसीत उरणारा चढउतार, म्हणजे रिपल, 100 हर्ट्झचा. म्हणजे जी, पण किंचित चढा. हाच सूर तिला ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवर, एक सप्तक खाली सापडला असता, तर तो 50 हर्ट्झचा ठरला असता आणि मी अर्थिंग, केबल, ट्रान्सफॉर्मरची जागा असं शोधत बसलो असतो. वरच्या सप्तकातली जी म्हणजे फिल्टरचे कंडेन्सर सुकलेत. मीटर लावण्याआधीच निदान झालं होतं. मीटर फक्त साक्षीला. 4700 मायक्रोफॅरडच्या दोन डब्यांपैकी एक तीन हजाराच्या खाली, दुसऱ्याचा ईएसआर (आतला रोध) कितीतरी चढलेला. (डब्यांच्या बुडाशी तपकिरी चिकट काहीतरी होतं, ते बघून मामा म्हणाले, "गळलाय बघा." तो कारखान्यातला गोंद होता. पण तोही खरवडून काढायचाच, कारण जुना झाला की तो वीज वाहू लागतो आणि तारा खातो.)

आता मेलेली एसटीके. थिनरच्या बोळ्यानं नंबर पुसला, तर पुसला गेला. इथेच ती नकली असल्याचा संशय पक्का झाला होता, तरी मी पात्याची कड घालून वरचं काळं झाकण उचकटलं आणि दिव्याखाली दोघांना दाखवलं. आत ट्रान्झिस्टरच्या चिप तिळाएवढ्या, त्यांना जोडणाऱ्या तारा केसासारख्या, त्यातली एक वितळून तिचं टोक मण्यासारखं झालेलं. शंभर वॅट यातून जायचे होते. मामांनी ती वडी हातात घेऊन बराच वेळ निरखली. "म्हणजे फसवलं," ते म्हणाले. मी म्हटलं, बसवणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसेल.

इथवर बऱ्यापैकी सरळ होतं. पण नकली आयसी हे दुसऱ्या वेळचं कारण झालं. पहिली, कारखान्यातून आलेली, इतकी वर्षं चाललेली का गेली? हे कळल्याशिवाय मी पुढे हात लावत नाही. मी विचारलं, मागच्या एक्स्टेंशन जॅकला काही लावता का?

"हो, दोन दहा इंचींचा बॉक्स. त्यावर 8 ओहम लिहिलंय, मी बघूनच घेतला," भाची म्हणाली. बॉक्स गाडीतच होता. मीटरनं 3 पूर्णांक काहीतरी दाखवलं. मागचं झाकण काढलं. 8 ओहम लिहिलं होतं, खरंच लिहिलं होतं, पण ते एकेका स्पीकरच्या मॅग्नेटवर. दोघे पॅरलल जोडलेले, म्हणजे बॉक्स 4 ओहमचा. त्याला पॅरलल आतला 8 ओहमचा पंधरा इंची. एकूण भार 2.67 ओहम. ओहम जितके कमी, तितका ॲम्पला करंट जास्त द्यावा लागतो. ॲम्पच्या पाठीवर 'किमान 4' असं छापलेलं होतं, पण पट्टी इतकी झिजली होती की बोटानं चाचपून वाचावं लागलं.

म्हणजे मामांच्या मनासारखी अस्सल एसटीके कुठून पैदा केली असती तरी ती याच भारावर बसली असती. आणि भाचीचं नवं हेड? तिचा बेत तेच दोन्ही बॉक्स एकत्र लावायचा होता. बहुतेक हेड 4 ओहमच्या खाली जाऊ नका म्हणतात, मोजकीच 2.67 वर चालतात. तिचं हेड जळालं नसतं कदाचित, त्यांची प्रोटेक्शन चांगली असते. भर कार्यक्रमात, आवाज वाढवला की बंद पडलं असतं. मग तेही दुरुस्तीला आलं असतं आणि मला त्यात काहीच सापडलं नसतं.

वॅटचंही तिला सांगून टाकलं. शंभरचे पाचशे म्हणजे सात डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पाचपट पैसे मोजल्यासारखं वाटतं, कानाला दुप्पटही मिळत नाही. हलक्या हेडला माझा विरोध नाही. ज्याला रोज जिने चढायचे आहेत त्यानं पाठीसाठी ते जरूर घ्यावं. वॅटसाठी घेऊ नये. आणि एक लक्षात ठेवावं, की त्यात पॉवर मॉड्यूल गेलं आणि त्या मॉड्यूलचं उत्पादन थांबलेलं असलं, तर आज एसटीकेनं जे केलं तेच होणार.

मग निकाल. मी म्हटलं, एसटीके मी टाकणार नाही. ओरिजिनल म्हणून कुणी आणून दिली तरी नाही. ट्रान्सफॉर्मर चांगला, प्रीॲम्प चांगला, स्पीकर आणि खोकं चांगलं. मेलंय ते फक्त पॉवरचं. ते अख्खं काढून तिथे सुट्या ट्रान्झिस्टरांचा पॉवर बोर्ड बसवतो, 5200-1943 या नंबरांच्या दोन जोड्यांचा. त्याचे नकलीही ढिगानं मिळतात, पण सुटा ट्रान्झिस्टर गेला तर तो तेवढाच बदलता येतो, आणि उद्या मी नसलो तरी कुणालाही बदलता येईल. सोबत डीसी प्रोटेक्शनचा रिले. नवे कंडेन्सर 63 व्होल्टचे. माझा एक ठोकताळा आहे: दुरुस्तीचा खर्च तशाच चालू जुन्या ॲम्पच्या निम्म्यावर गेला की मी थांबा म्हणतो. हा त्याच्या आत बसत होता.

"मग तो माझा ॲम्प राहिला का?" मामांनी विचारलं. भाची हसली, पण मला प्रश्न अगदी रास्त वाटला. मी म्हटलं, चालू करून ऐका आणि तुम्हीच सांगा.

बोर्ड बसवण्याच्या कामात सांगण्यासारखं फार नाही. एसटीकेची भोकं नव्या ट्रान्झिस्टरांशी जुळत नव्हती, हीटसिंकला नवी पाडावी लागली. बायस (आउटपुटमधून सतत वाहणारा थोडासा करंट) सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट चिकटवून घेतला, कारण तो हवेत लोंबकळत राहिला तर तापमान वाढतंय हे त्याला कळतच नाही आणि आउटपुट धावत सुटतं. 4 ओहमच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी लावलेल्या रोधावर) स्कोपमध्ये लहर 29 व्होल्टच्या शिखरावर कापली जाऊ लागली. शंभरेक वॅट झाले.

दहा इंचींच्या बॉक्समध्ये दोन्ही स्पीकर सिरीजमध्ये जोडून दिले. बॉक्स झाला 16 ओहमचा, आतल्या 8 बरोबर मिळून 5.33. ॲम्प निवांत. त्या बॉक्सच्या वाट्याला आता एक तृतीयांश पॉवर येते, हे भाचीला आधीच सांगितलं. तिला ते चालणार होतं, पंधरा इंचीच पुढे हवा होता.

मामांनी ऐकून सांगितलं, आवाज जरा स्वच्छ झालाय. ती तक्रार होती. मोठ्या आवाजाला तो पूर्वी किंचित दबायचा आणि घसा बसल्यासारखा व्हायचा, ते त्यांना आवडायचं. अर्थात, त्यातलं किती एसटीकेचं होतं आणि किती सुकलेल्या कंडेन्सरचं, कुणास ठाऊक! भाचीनं पाच तारांचा बेस लावला आणि जाड बी छेडली, 31 हर्ट्झ. मूळ सूर एवढ्या खोक्यातून कमीच येतो, त्याच्या वरचा 62 चा येतो आणि कान बाकीचं भरून काढतो. तिला तेवढं पुरलं.

"आणि वजन?" तिनं विचारलं.

"होतं तेवढंच. चाकं लावून देऊ?"

"लावा. पण काढता येणारी," मामा मध्येच म्हणाले. "जाड तारेला खडखडतात."

खडखडतात खरी. काढता येणारी लावली.