दिएंग: ‘ऑल इन’मध्ये काय काय नव्हतं

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात दिएंगला जायची गाडी ठरवताना गाडीवाला ‘ऑल इन, ऑल इन’ असं तीनदा म्हणाला. आम्ही चौघं माना डोलावून मोकळे. ‘ऑल’ म्हणजे नक्की काय, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. बारा लाख रुपिया ठरले. दहा हजार रुपिया म्हणजे आपले साधारण पन्नास रुपये, त्यामुळे आकडा ऐकून घाबरू नका. घाबरायचं ते पुढच्या सुट्ट्या पैशांना.

दिएंग हे मध्य जावामधलं दोन हजार मीटर उंचीवरचं पठार. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे इथली बटाट्याची शेतंही तिच्या डोक्यावर. खाली 26 किलोमीटरवर वोनोसोबो गाव आहे आणि योग्यकर्ताहून चार तास लागतात. ‘रात्री अकराला निघू, सूर्योदय बघू, संध्याकाळी परत’ हा बेत सगळेच विकतात. घेऊ नका. रात्रभर वळणांवर डोकं आपटून पहाटे तीनला उतरल्यावर माणूस कशाचाही आनंद घेण्याच्या लायकीचा राहत नाही. आदल्या दिवशी दुपारी पोचा, दिएंगमध्येच एखाद्या होमस्टेत झोपा. वोनोसोबोत राहिलात तर पहाटे पुन्हा तासभर घाट चढायचा आहेच.

आणि तारीख बघून जा. आम्ही गेलो तो शनिवार, 17 ऑगस्ट. इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. चौघांत दोन इंजिनियर, एक प्राध्यापिका आणि एक बँकवाला, पण हे एकालाही ठाऊक नव्हतं. वाटेत घरोघरी लाल-पांढरे झेंडे दिसत होते, तर पक्या म्हणतो, कुठलीतरी निवडणूक दिसतेय.

आता सिकुनीर. ही सूर्योदयाची टेकडी. पायथ्याला सेंबुंगान, जावातलं सर्वांत उंचावरचं गाव म्हणून मिरवणारं. चढ अर्ध्या-पाऊण तासाचा, दगडी पायऱ्यांचा. सिंहगड चढलेला माणूस शिट्टी वाजवत जाईल. पण तिथवर पोचू दिलं तर! मिनीबसच्या रांगेमुळे आमची गाडी दीड-दोन किलोमीटर अलीकडेच थांबली. तिथून मोटरसायकलवाले, माणशी वीस हजार. मग प्रवेशाचं तिकीट. ड्रायव्हरला विचारलं, हे ‘ऑल इन’मध्ये नाही का? तो गोड हसून म्हणाला, ‘बेलुम.’ बेलुम म्हणजे ‘अजून नाही’. नाही म्हणायची ही फार सभ्य जावानी पद्धत आहे. दिवसभरात हा शब्द इतक्यांदा ऐकला की आता आमच्यातली स्मिता घरी भांडी घासली का विचारल्यावरही ‘बेलुम’ म्हणते.

पायऱ्यांवर जे झालं ते मी विसरणार नाही. खाली चहावाले, नूडल्सवाले, टोपीवाले, आणि त्यांच्या मधोमध एक माणूस जाईल एवढी वाट. त्या वाटेवर अख्खं जावा. चार पावलं चाललो की दहा मिनिटं उभं. पुढच्याच्या लवंगेच्या सिगारेटचा धूर थेट नाकात, मागच्याच्या मोबाइलचा टॉर्च मानेवर. चालायला मिळालं असतं तर अंगात ऊब तरी आली असती, पण उभ्याउभ्याच बोटं बधिर झाली. जुलै-ऑगस्टमध्ये इथे कधीकधी पहाटे गवतावरचं दव चक्क गोठतं. त्याला ‘एंबुन उपास’ म्हणजे विषारी दव म्हणतात, कारण त्याने बटाट्याचं पीक करपून जातं. इंडोनेशिया म्हणजे दमट उन्हाळा या समजुतीवर आलेला आमचा बँकवाला हाफ पँटमध्ये होता. त्याने पायथ्याला लोकरी टोपी आणि हातमोजे दोन्ही विकत घेतले, घासाघीस न करता. जर्किन, कानटोपी, टॉर्च तुमच्याकडे असेलच, ते सांगत बसत नाही. नसेल तर तिथे मिळतं, भाव विक्रेत्याच्या मर्जीचा.

सूर्य उगवला तेव्हा मी शेवटून तिसऱ्या वळणावर एका लाल पिशवीच्या मागे होतो. वरून ‘आऽऽ’ असा आवाज आला, त्यावरून कळलं. पोचलो तेव्हा समोर सिंदोरो ढगांतून वर आलेला, त्याच्या मागे बाकीचे ज्वालामुखी. सुंदर, नाकारत नाही. तेवढ्यात कोणीतरी झेंडा उंचावला आणि अख्ख्या टेकडीने राष्ट्रगीत म्हटलं. आम्हीही टाचा जुळवून उभे राहिलो, आणि त्या पाच मिनिटांपुरता माझा राग गेला. उतरताना मोटरसायकलवाल्याने तीस हजार मागितले तेव्हा परत आला.

निकाल सांगतो: शनिवार, रविवार किंवा सुट्टीच्या दिवशी सिकुनीर अजिबात नको. मधल्या वारी जरूर जा, चारच्या आत चढायला लागा. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, वर ढगच बघायला मिळतील.

अर्जुन मंदिरसमूहाकडे मात्र सकाळी सातलाच जायला हवं होतं. आम्ही नऊला गेलो. इथे देवळाला ‘चंडी’ म्हणतात, आणि ही जावामधली सर्वांत जुन्यांपैकी शिवमंदिरं आहेत. इथे इसवी सन 809 चा शिलालेख सापडलाय. मूळ नावं काय होती ते काळाच्या ओघात गेलं, आत्ताची नावं लोकांनी फार नंतर दिली, तीही महाभारतातली: अर्जुन, पुंतादेवा म्हणजे युधिष्ठिर, सेंबद्रा म्हणजे सुभद्रा. अर्जुनाच्या देवळासमोर ठेंगणं बसकं देऊळ आहे ते सेमारचं. हा आपल्या महाभारतात नाही. जावाच्या सावल्यांच्या खेळातला पांडवांचा विदूषक सेवक तो. आणि श्रीकंडी म्हणजे आपला शिखंडी, पण जावात ती बाई आहे, धनुर्धर आहे, वर अर्जुनाची बायको आहे! प्राध्यापिकाबाई तिथे अर्धा तास अडकल्या. श्रीकंडीच्या बाहेरच्या भिंतींवर ब्रह्मा, विष्णू, शिव अजून ओळखू येतात. थोडं पुढे एकटं भीमाचं देऊळ आहे. त्याच्या शिखरावर कोनाड्याकोनाड्यांतून माणसांचे चेहरे बाहेर डोकावतात. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, तुम्ही थांबवा. दिवसभरात मन लावून बघावं असं ते एकच ठिकाण होतं.

तिथून सिकिदांगचं विवर. उकळता चिखल, गंधकाची वाफ, कुजक्या अंड्यांचा वास. लाकडी पुलावरून बघायला वीस मिनिटं पुरतात. बाहेर पडायला मात्र चाळीस लागतात, कारण परतीची वाट दुकानांच्या बोळातून सापासारखी फिरवली आहे. बटाटे, चिप्स, मिरच्या, कारिका म्हणजे डोंगरी पपई, पुन्हा बटाटे. दर वळणावर वाटतं, आता पार्किंग दिसेल. दिसतं पुढचं दुकान. मी थकलेला होतो म्हणून जास्त चिडलो असेन, पण आलेल्या वाटेने परत फिरायला मनाई आहे हे आधी कोणी सांगत नाही. कुंपणाबाहेर मात्र एक पाऊलही टाकू नका. 1979 साली याच पठारावर जमिनीतून निघालेल्या वायूने गाव सोडून पळणारी 149 माणसं वाटेतच मेली. फलक उगाच लावलेले नाहीत.

तलागा वार्ना हे रंगीत तळं वरच्या खडकावरूनच बघा. खाली एक तिकीट, वर दुसरं, पार्किंग तिसरं. दोन्हीकडे जाण्यात अर्थ नाही.

जेवणाचं शाकाहाऱ्यांसाठी. वोनोसोबोची खासियत ‘मी ओंगक्लोक’ (‘मी’ म्हणजे नूडल्स): कोबी घातलेल्या नूडल्सवर चिकट दाट रस्सा. शुद्ध शाकाहारी दिसते, पण त्या रश्शात वाळवलेली कोळंबी, म्हणजे आपले सोडे असतात, आणि सोबत येतात त्या काड्यांवर बहुधा गोमांस. स्मिताने अर्धी वाटी संपवल्यावर आम्हाला कळलं. तिला वाचवलं तेंपे केमुलने. केमुल म्हणजे पांघरूण. तेंपेला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीला, पिठाचं पांघरूण घालून तळलेलं भजंच ते, गरम असेपर्यंत अप्रतिम.

हिशोब: ‘ऑल इन’ बारा लाखांवर आमचे आणखी जवळजवळ निम्मे गेले, टोपी-हातमोजे धरून. दोन प्रश्न पाठ करून जा: ‘सुदाह तर्मासुक तिकेत?’ आणि ‘तर्मासुक पार्किर?’ तिकीट धरून का, पार्किंग धरून का. उत्तर बेलुम आलं तर भाव तिथल्या तिथे पाडा. अर्जुन आणि सिकिदांगचं एकत्र तिकीट मिळतं का ते पहिल्याच खिडकीवर विचारा. दोन आणि पाच हजारांच्या नोटा भरपूर ठेवा, कारण प्रत्येक शौचालयाबाहेर एक डबा आणि एक आजोबा बसलेले असतात आणि आजोबांकडे सुट्टे कधीच नसतात.

योग्यकर्तात नंतर तीन दिवस होतो. छान होते.

हो, कारिका. ही इथली डोंगरी पपई, पाकात घातलेली, बरण्यांत विकतात. घेणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत टाका. आमच्या चार बरण्या सुरक्षा तपासणीच्या टेबलावर राहिल्या. पाकामुळे. पक्याने पाचवी तिथेच उघडून उभ्याउभ्या संपवली, आणि म्हणाला, चांगली होती रे.