एसडब्ल्यूआर झकास, पण अँटेनाचं काय?

अँटेना कसा आहे असं विचारलं की बहुतेक जण एक आकडा सांगतात. "१.१ येतोय, एकदम मस्त." एसडब्ल्यूआर (पाठवलेली पॉवर अँटेनाकडून किती परत येते त्याचं माप; १ म्हणजे काहीच परत नाही) कमी म्हणजे अँटेना चांगला, ही समजूत आपल्या हौशी रेडिओवाल्यांत इतकी मुरलीय की तिच्याविरुद्ध बोललं की लगेच मीटर पुढे येतो. मी मग डमी लोड पुढे करतो. अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर, डबीत बंद केलेला. त्याचाही एसडब्ल्यूआर १.१ येतो, तोही एका बँडवर नाही, सगळ्या बँडवर. आणि हवेत तो जवळजवळ काहीच सोडत नाही, सगळी पॉवर तापण्यात जाते.

मीटर एवढंच सांगतो, की पाठवलेल्यातलं परत किती आलं. जे परत आलं नाही ते हवेत गेलं की वाटेतल्या कॉइलमध्ये जिरलं, हे त्याला कळायला मार्गच नाही. शिवाय लोक घाबरतात तेवढे हे आकडे भयंकरही नसतात. १.५ ला साधारण ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के. ११ टक्के म्हणजे अर्धा डीबी (डेसिबल, सिग्नलच्या कमीजास्तीचं माप), आणि एस-मीटरची, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरची, एक पायरी ६ डीबीची धरतात. २ चा १.२ करण्यासाठी दिवसभर कापाकापी केली तरी पलीकडच्याला फरक ऐकू येणार नाही. ३ च्या वर गेला तर मात्र लक्ष घालायलाच हवं, कारण तिथे बरेचसे रेडिओ स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतात.

दर्जा बघायचा तर मी आधी आकार बघतो. १४५ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी जवळपास अर्धा मीटर भरते. हँडीवरचा (हातात धरायच्या रेडिओवरचा) बोटभर अँटेना तेवढी लांबी आत गुंडाळून बसलेला असतो, आणि त्याची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच. चू नावाच्या शास्त्रज्ञाने १९४८ मध्येच हे गणित मांडून ठेवलंय: लहान आकार, चांगली कार्यक्षमता आणि रुंद बँड, तिन्ही एकत्र मिळत नाहीत. म्हणून एखादा बोटभर अँटेना १३६ पासून १७४ मेगाहर्ट्झपर्यंत सपाट, सुंदर एसडब्ल्यूआर दाखवतो तेव्हा मला आनंद होत नाही, शंका येते. इतका रुंद कसा झाला? बहुधा आत काहीतरी पॉवर खातंय. अशा वेळी मी मिनिटभर बोलतो, पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) सोडतो आणि मगच बुडाशी बोट लावून बघतो. कोमट लागलं तर ती उष्णता माझ्याच बॅटरीतून आलेली असते.

हँडीचे अँटेने नॅनो-व्हीएनएवर (अँटेनाचा आलेख काढणाऱ्या छोट्या उपकरणावर) मोजणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून करायला सांगतो. अँटेना लावून व्हीएनए नुसता टेबलावर ठेवा आणि आलेखातली खळगी, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असतो ती जागा, कुठे आहे ते बघा. मग तोच व्हीएनए हँडी धरतो तसा मुठीत धरा. खळगी डोळ्यांदेखत सरकते आणि बऱ्याचदा खोलही होते. कारण रेडिओची बॉडी, हात, आपण स्वतः, हा सगळा त्या अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. टेबलावरचा आकडा वाचून अशा अँटेनाला नापास करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि पास करणंही.

गेनचे, म्हणजे अँटेना एखाद्या दिशेला सिग्नल किती वाढवतो त्याचे, दावे मी एका अटीवर वाचतो: डीबीआय (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना) की डीबीडी (साध्या डायपोल अँटेनाशी तुलना) ते लिहिलेलं पाहिजे. दोन्हींत २.१५ चा फरक आहे. नुसतं "६ डीबी" लिहिलं असेल तर तो आकडा माझ्या लेखी नाहीच. उभ्या अँटेनात गेन लांबीतून येतो, दुसरीकडून कुठून येत नाही.

खरी परीक्षा कानाने होते आणि तिला एक माहितीतला अँटेना लागतो. माझा आहे पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन: एसओ-२३९ सॉकेट (केबल जोडायचा), वर ४९ सेंटीमीटरची तांब्याची तार आणि चार कोपऱ्यांना चार रेडियल, म्हणजे बाजूला पसरलेल्या तारा. रेडियल आडवे असताना ५० ओहमपेक्षा बरंच कमी येतं, ते ४५ अंशांत खाली वाकवत नेले की रेडिओला हव्या त्या ५० जवळ येतं. यात लपवायला जागाच नाही, म्हणून मला तो प्रिय आहे. नवा अँटेना त्याच काठीवर, त्याच उंचीवर, त्याच केबलला लावायचा. आणि ऐकायचं कुणाला? जोरात येणाऱ्या रिपीटरला (सिग्नल पकडून पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनला) अजिबात नाही. एफएमवर सिग्नल एकदा पुरेसा झाला की चांगला अँटेना आणि वाईट अँटेना दोन्हीही सारखेच स्वच्छ वाजतात. आवाजाखाली खरखर आहे, एखादं अक्षर बुडतंय, असं लांबचं स्टेशन निवडायचं. मग अदलाबदल करायची, पुन्हा उलट करायची. समोरच्याला पॉवर उतरवत न्यायला सांगितलं तर आणखी छान. कुठला अँटेना आधी हार मानतो ते लगेच कळतं. जागाही हातभर इकडेतिकडे बदलून बघा, परावर्तनामुळे तेवढ्यानेही सिग्नल बराच वरखाली होतो. हे चालू असतानाच अँटेना बुडाशी हलवायचा. कडकड आली तर सांधा ढिला आहे.

मल्टिमीटरवर शॉर्ट दाखवला म्हणून अँटेना फेकू नका. जे-पोल, फोल्डेड डायपोल अशा प्रकारचे अँटेने डीसीला (मल्टिमीटर वापरतो त्या एकाच दिशेच्या करंटला) शॉर्टच असतात.

आता केबल, कारण अँटेनाच्या नावावर खपणारे निम्मे गुणदोष तिचेच असतात. ४३५ मेगाहर्ट्झवर १० मीटर आरजी-५८ (पातळ कोॲक्स केबल) निम्म्याहून जास्त पॉवर खाते. परत येणारी पॉवरही त्याच वाटेने येते आणि पुन्हा खाल्ली जाते, म्हणून खाली मीटरवर चित्र गोड दिसतं. ३ डीबी खाणाऱ्या केबलच्या टोकाला अँटेना नसलाच, तरी खाली एसडब्ल्यूआर ३ च्या आसपास दिसतो! त्यामुळे उभारतानाचे आकडे वहीत लिहून ठेवा आणि मोठ्या पावसानंतर पुन्हा मोजा. एसडब्ल्यूआर वाढला तर कारण शोधा. पण काहीच न करता १.८ चा १.३ झाला असेल तर केबल जास्त खायला लागली असावी, आधी वर चढा आणि कनेक्टर उघडा. वेणी (केबलमधली विणलेली तारांची जाळी) काळी पडलेली दिसली तर टोक कापून भागत नाही. वातीत तेल चढावं तसं पाणी वेणीतून आत गेलेलं असतं. अख्खी केबल बदला, आणि नव्या सांध्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे घड्या कौलांसारख्या पाणी बाहेर टाकतात.