तुम्ही विचारलंत म्हणून : फ्लेक्सची टिंगल करता का?

माझी चित्रं बघून झाली की बरेच जण आवाज खाली आणून एकच विचारतात, "ही त्या फ्लेक्सवाल्यांची टिंगल आहे ना?" मी वाढदिवसाचे फ्लेक्स कॅनव्हासवर तैलरंगात रंगवते. 'भावी नगरसेवक', पांढराशुभ्र शर्ट, गॉगल, मागे वाघ, खाली शुभेच्छुकांची रांग. विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. कोथरूडचा असेल तर नक्कीच.

टिंगलच करायची तर महिनोन्‌महिने कॅनव्हाससमोर कशाला बसू? ती व्हॉट्सॲपवर रोज फुकटात होते.

एकदा सिग्नलला थांबलात की फ्लेक्स नीट वाचा. सगळ्यात वर छोट्या गोलांत महापुरुष. त्यांच्याखाली पक्षाचे मोठे नेते, मग आपल्या भागातले कुणी भाऊ किंवा दादा, आणि मधोमध सगळ्यांहून मोठा, ज्याचा वाढदिवस तो. तळाला पासपोर्टएवढे चेहरे. त्यात कोण कुणाच्या शेजारी, यावरून रुसवेफुगवे होतात. वॉर्डात कोण कुणाला धरून आहे ते असं चौकात टांगलेलं असतं. आणि ज्या पोराकडे एरवी कुणी वळून बघत नाही, तो चार दिवस सगळ्यांच्या डोक्यावर असतो, स्वतःला हवा तसा.

आपण कसं दिसायचं हे ठरवण्याची चैन पूर्वी संस्थानिकांची. ते राजा रविवर्म्याकडून चित्रं काढून घेत. त्याच रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला आला, आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवर. त्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या आणि देवी अशीच दिसते हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. शंभरेक वर्षांनी बंगळूरच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी स्वतः ती लक्ष्मी होऊन फोटो काढून घेतला. देवी ओळखीची, पण कमळावर उभी बाई हाडामांसाची. हा फोटो बघितला की घरातल्या कॅलेंडरकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

चित्रकार अतुल दोडियांनी तर १९९४ मध्ये 'बाजीगर'च्या पोस्टरवरच्या शाहरुखच्या थाटात स्वतःलाच रंगवलं. चित्राचं नाव 'द बॉम्बे बकनीअर'. गॉगलच्या एका काचेत डेव्हिड हॉकनी, दुसरीत भूपेन खख्खर, दोघेही चित्रकार. मला तर ती फ्लेक्सवरची वरची रांगच वाटते.

आता माझं. एका चित्रासाठी मी स्वतःचाच फ्लेक्स करायला टाकला. दुकानातल्या पोराकडे कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये तयार 'बॉडी' होत्या: नमस्कार करणारी, हात उंचावलेली, फोनवर बोलणारी. मोबाईलवरचा चेहरा कापायचा, मानेवर बसवायचा, जोड पुसून टाकायचा. पाच मिनिटांचं काम. माझ्या वेळी तो अडला. "ताई, लेडीज बॉडी दोनच आहेत." दोन्ही साडीतल्या, हात जोडलेल्या. एक निवडली. मग तो म्हणाला, "साहेबांचा फोटो द्या."

"कशाला? मी निवडणुकीला उभी नाहीये."

"तरी लागतो ओ. मोकळं दिसतं."

२०११ पासून महाराष्ट्रात महापालिकांच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तरी उमेदवार बाईच्या फ्लेक्सवर साहेब असतातच, कधी तिच्याहून मोठे. त्या पोराचं काही चुकलं नव्हतं, तो चालत आलेलं करत होता. मी तो फ्लेक्स रंगवला तेव्हा साहेबांचा गोल ठेवला, आत नुसता निळा रंग. नाट्यगृहातल्या प्रदर्शनात, नाटकाला आलेले एक काका त्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "यांचा राहिला वाटतं काढायचा." इतकी नेमकी दाद मला कुठल्या समीक्षकाने दिलेली नाही.

कुणी माझं चित्र विकत नेऊन पाहुण्यांबरोबर हसत बसला तर मला ते खुपतं, पण त्याला माझा इलाज नाही.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: मग रंगवता कशाला, छापलेला फ्लेक्सच टांगा ना! तर, दुकानात मानेवरचा तो जोड पुसतात, मला तोच रंगवायचा असतो. आपला चेहरा आणि हवंसं वाटणारं अंग तिथे एकमेकांना चिकटतं, आणि ब्रशने तिथे पोचायला कधी कधी आठवडा जातो. शिवाय चौकात टांगायचा तर महापालिकेची परवानगी लागते. बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नाही असं दिसतं, पण मी पडले सदाशिव पेठेतली. अर्ज केल्याशिवाय मला झोप यायची नाही.