चांगलं उत्तर कुठलं?

"आणि ताई, चांगलं कुठलं ते तुम्हाला कोण सांगतं?" मावशींनी फरशी पुसता पुसता विचारलं आणि माझा हात माऊसवरच थांबला.

कर्वेनगरच्या घरात बसून सध्या मी हेच काम करते, एआयने एकाच प्रश्नाची दिलेली दोन उत्तरं वाचायची आणि त्यातलं बरं कुठलं ते निवडायचं, माणसांच्या अशा असंख्य निवडींवरूनच तर ते कसं बोलायचं हे शिकतं. आजचा प्रश्न होता, कामवाल्या मावशी न सांगता चार दिवस आल्या नाहीत तर पगार कापावा का. एक उत्तर म्हणे सरळ कापा. दुसरं म्हणे आधी विचारा, काय झालं होतं.

मी पहिलं निवडलं होतं. सुटसुटीत वाटलं म्हणून.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा टे नावाचा चॅटबॉट ट्विटरवर आला होता, लोकांनी त्याला इतकी घाण शिकवली की एका दिवसात बंद करावा लागला. तेव्हा त्या लोकांचा खूप राग आला होता मला. आणि मी? मी तर शिवीही दिली नाही, नुसतं घाईत एक बटण दाबलं.

निवड बदलली. पण आधीच्या किती निवडी अशाच गेल्या असतील?